पाढ्यांच्या तक्त्यातला कर्ण

(नागपुरात संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, अंकलिपी तुम्ही सगळ्यांनी हाताळली आहे. तिच्यात पाढ्यांचा एक चौकोनी तक्ता असतो. वरच्या कडेला १ ते १०, डाव्या कडेला १ ते १०, आणि ओळ न् स्तंभ जिथे भेटतात तिथे त्या दोघांचा गुणाकार. या तक्त्यात डाव्या वरच्या कोपऱ्यातून तिरकं खाली उतरा: १, ४, ९, १६, थेट १०० पर्यंत. हा त्याचा कर्ण. आज आपल्याला असा मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांचा चौकोनी तक्ता, बनवायचा आहे ज्यात कर्णावर हवे ते आकडे असतील आणि बाकी सगळीकडे शून्य.

मी शिकत होतो तेव्हा हे काम फोरट्रान या जुन्या संगणकभाषेत करायचो. एकात एक अशी दोन लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या सूचना, आत एक अट: ओळीचा क्रमांक आणि स्तंभाचा क्रमांक सारखा असेल तर १ ठेव, नाहीतर ०. प्रोग्राम बरोबर चालायचा. पण त्या सात-आठ ओळींत खरा विचार फक्त एवढाच होता: ‘दोन्ही क्रमांक सारखे आहेत का?’ उरलेलं सगळं हमालीचं काम.

गणितज्ञ केनेथ आयव्हर्सन यांना नेमकी ही हमाली नको होती. हार्वर्डमध्ये शिकवताना त्यांनी गणित लिहिण्याची स्वतःची चिन्हपद्धती घडवली आणि १९६२ मध्ये ती पुस्तकरूपाने मांडली. संगणकावर चालणारी एपीएल भाषा त्यातूनच आली. १९७९ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार हा संगणकशास्त्रातला मोठा सन्मान मिळाला, तेव्हाच्या भाषणाचा विषयही हाच होता: चिन्हपद्धती हे विचाराचं साधन आहे.

एपीएलमध्ये आयोटा नावाचं चिन्ह आहे. ‘आयोटा १०’ म्हटलं की १ ते १० ची यादी मिळते. दुसरी गोष्ट आहे आउटर प्रॉडक्ट: एका यादीतला प्रत्येक आकडा दुसऱ्या यादीतल्या प्रत्येक आकड्याशी भिडवायचा. भिडवताना गुणाकाराचं चिन्ह द्या, अंकलिपीतला तक्ता तयार. आता गुणाकाराच्या जागी बरोबरचं चिन्ह ठेवा. एपीएलमध्ये तुलनेचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असं वेगळ्या जातीचं नसतं, ते सरळ १ किंवा ० हा आकडा असतो. त्यामुळे ४ ला ४ भेटले तिथे १, ४ ला ७ भेटले तिथे ०. पाढ्यांच्या तक्त्याचं एक चिन्ह बदललं आणि एकक मॅट्रिक्स, म्हणजे कर्णावर १ आणि बाकी सगळीकडे ०, हातात आला. मला यातलं हेच सगळ्यात सुंदर वाटतं, की दोन्ही एकाच कुटुंबातले आहेत हे लिहिण्यातूनच दिसतं. मोजणी १ पासून करा की ० पासून, एपीएल दोन्ही मुभा देते. आपल्या नागपुरातल्या झीरो माइलच्या खांबापासून मोजावं तसं ० पासून मोजलंत, तरी दोन्ही कडा बरोबरीने सरकतात आणि कर्ण जागचा हलत नाही.

कर्णावर १ ऐवजी आपली यादी हवी असेल तर एकक मॅट्रिक्सला तिने गुणायचं. आयव्हर्सन आणि रॉजर हुई यांनी घडवलेल्या ‘जे’ (J) नावाच्या भाषेत हे थेट चालतं, यादीतला एकेक आकडा एकेका ओळीला लागतो. पारंपरिक एपीएल मात्र यादी आणि मॅट्रिक्स यांची मापं जुळत नाहीत म्हणून अडते. ‘ओळीओळीने गुण’ असं तिला वेगळं सांगावं लागतं.

आता दुसरी वाट, जिच्यात तुलनाच नाही. ज्या महिन्याची १ तारीख रविवारी येते, त्याचं पान डोळ्यांसमोर आणा. १ वर बोट ठेवा, मग ९, १७, २५. रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार. बोट तिरकं चाललं, कारण आठवडा ७ दिवसांचा आणि आपली उडी ८ ची. प्रत्येक आठवड्यात बोट एक वार पुढे सरकतं.

४ बाय ४ चा मॅट्रिक्स हवा असेल तर उडी ५ ची घ्या. १ आणि त्यामागे चार शून्यं, अशी पाच आकड्यांची माळ करा आणि ती ४ बाय ४ च्या साच्यात ओता. एपीएलवाले हे मोठ्याने असं वाचतात: ‘चार चार रो, पाच टेक एक’. टेक म्हणजे तेवढे आकडे घेणं, कमी पडले तर मागे शून्यं लावणं. रो म्हणजे साच्यात बसवणं. माळ संपली की ती पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. प्रत्येक ओळीत १ एक घर उजवीकडे सरकतो. यादीसाठीही हेच करता येतं. चार आकडे उभ्या स्तंभात मांडा, प्रत्येकाच्या उजवीकडे चार शून्यं जोडून ४ बाय ५ चा तक्ता करा, तो उलगडून एक सलग ओळ करा आणि ४ बाय ४ मध्ये बसवा. शेवटची चार शून्यं उरतात, ती आपोआप गळतात. घरी गेल्यावर हे कागदावर एकदा करून पाहाच. नुसतं ऐकून ते पटत नाही.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. कर्ण मॅट्रिक्स इतका सोपा बनतो म्हणून तो दरवेळी बनवू नका. १००० बाय १००० च्या मॅट्रिक्समध्ये १० लाख घरं असतात, त्यांतली कामाची जेमतेम १०००. त्याने दुसऱ्या तेवढ्याच मॅट्रिक्सला नेहमीच्या रीतीने गुणलं तर १०० कोटी गुणाकार होतात, आणि त्यांतले बहुतेक शून्याशी. तेच उत्तर प्रत्येक ओळीला आपापल्या आकड्याने गुणून १० लाख गुणाकारांत मिळतं. म्हणजे आपल्याजवळ मुळात एक यादीच होती. ती यादीच राहू द्या, आणि समोर खरोखर चौकोन लागेल तेव्हाच तिचा चौकोन करा.

आणि उलटा प्रवास, चौकोनातून यादी काढण्याचा? त्याला एपीएलमध्ये ट्रान्सपोजचं, म्हणजे ओळी आणि स्तंभ यांची अदलाबदल करण्याचं, चिन्ह आहे. त्याच्या डावीकडे ‘१ १’ लिहिलं की ओळ आणि स्तंभ हे दोन्ही अक्ष एकच होतात आणि फक्त कर्ण उरतो. अंकलिपीतल्या पाढ्यांच्या तक्त्यावर ते चालवा: १, ४, ९, १६, २५, ३६, ४९, ६४, ८१, १००.