सव्विसाव्या वाढदिवसानंतर

नमस्कार मंडळी! आज जरा लांबच्या खेळाबद्दल बोलू, शोगी. जपानचं बुद्धिबळ म्हणा हवं तर, आपल्या चतुरंगाच्याच गोतावळ्यातलं. 9 बाय 9 चा पट, दोघांकडे 20-20 सोंगट्या, आणि एक भन्नाट नियम, मारलेली सोंगटी खेळातून जात नाही, ती मारणाऱ्याच्या हातात येते आणि तो ती पुन्हा पटावर ठेवून आपल्या बाजूने खेळवतो. म्हणून सगळ्या सोंगट्या एकाच रंगाच्या, कोणाची कोणती ते टोक कुणाकडे आहे त्यावरून ओळखायचं.

पण खेळापेक्षा मला एका माणसाची गोष्ट सांगायचीय, सेगावा शोजी, योकोहामाचा, जन्म 1970. तिथे प्रो व्हायचं तर शोरेइकाई नावाच्या संस्थेत तयार व्हावं लागतं. शेवटची पायरी तिसऱ्या दानची लीग (दान म्हणजे खेळाडूचा दर्जा), सहा महिन्यात प्रत्येकाचे 18 डाव आणि वर जाणार फक्त दोघं. म्हणजे वर्षाला साधारण चार पोरं, बस्स. वर वयाची अट, साधारण 26. स्पर्धा परीक्षावाल्यांना ती अट म्हणजे काय ते मी काय सांगणार!

सेगावा 14 व्या वर्षी आत गेला, 22 व्या वर्षी तिसरा दान, आणि 1996 ला 26 वर्षांचा झाला तसा बाहेर. बारा वर्षं गेली की हो. काही काळ तर त्याने शोगीला हातच लावला नाही. मग रात्रीच्या कॉलेजात कायदा शिकला, कम्प्युटर कंपनीत नोकरी धरली, आणि हळूहळू हौशी म्हणून परत खेळायला लागला, आणि गंमत बघा, प्रोंच्या काही स्पर्धांत हौशींना थोड्या जागा असतात, तिथे हा गडी प्रोंनाच हरवत सुटला, दहातले सातेक डाव याचेच!

2005 ला त्याने शोगी संघटनेकडे अर्जच केला, मला प्रो होऊ द्या. प्रो खेळाडूंनी मतदान घेतलं, विरोधही झाला, पण बहुमत त्याच्या बाजूने. सहा डावांची परीक्षा, तीन जिंकायचे. अशी परीक्षा 1944 नंतर पहिलीच, तेव्हा पास झालेला हानामुरा तर पैसे लावून खेळणारा होता!

पहिला डाव कोणाशी, तर 17 वर्षांच्या सातो अमाहिकोशी, जो तेव्हा त्याच तिसऱ्या दानच्या लीगमध्ये होता. ज्या लीगमधून हा बाहेर पडला, तिथलाच पोरगा समोर, आणि हरला हो सेगावा. (हा सातो पुढे 2016 ला मेइजिन झाला, हा शोगीतला एक मोठा मानाचा किताब, म्हणजे पोरगा काही साधा नव्हता.) त्या पराभवानंतर सेगावाला शाळेतल्या पाचवीच्या बाईंचं पोस्टकार्ड आलं, डोरेमॉनचं चित्र असलेलं. मला या सगळ्या गोष्टीत ते कार्डच सगळ्यात जास्त आवडतं.

पुढचा जिंकला, तिसरा कुबोकडून हरला, चौथा महिला खेळाडू नाकाई हिरोएशी जिंकला. 6 नोव्हेंबरला पाचव्या डावात ताकानोला हरवलं आणि 35 व्या वर्षी तो प्रो झाला. तोही फ्री क्लासमध्ये, म्हणजे प्रोंच्या नेहमीच्या रँकिंग लीगच्या बाहेर, दहा वर्षांत स्वतःला सिद्ध करा नाहीतर रिटायर व्हा. त्याने 2009 मध्येच रँकिंग लीगमध्ये जागा मिळवली.

आणि त्याच्यामुळे ती परीक्षा कायमची सुरू झाली. 2014 ला इमाइझुमी केंजी ती पास झाला, तोही शोरेइकाईतून बाहेर पडलेला, म्हाताऱ्या माणसांची काळजी घ्यायची नोकरी करणारा. वय 41.