वाघीण आली, आता गवताचं बघा

नमस्कार श्रोतेहो.

नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबाची एक वाघीण आपल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पातल्या चांदोलीत आणली. या प्रकल्पात नर वाघ त्याआधी आपल्या पायांनी आले होते. डिसेंबर २०२३ मध्ये एक कॅमेऱ्यात टिपलाही गेला. मादी तशी येत नाही. वयात आलेला नर नवा मुलूख शोधत लांबलांब भटकतो, मादी बहुधा आईच्या शेजारीच ठाण मांडते. म्हणून तिला गाडीतून आणावं लागलं. तेवढं योग्यच झालं. पण वाघ आणला म्हणजे प्रकल्प चालला, असं होत नाही.

तिच्या पोटाचा हिशेब मांडून बघा. एका वाघाला वर्षाकाठी साधारण पन्नास मोठी जनावरं लागतात. कळप न आटता तेवढी मिळायची, तर एकेका वाघामागे रानात पाचशेच्या आसपास सांबर, भेकर, रानडुक्कर, गवे हवेत. कोयना-चांदोलीचं बरंचसं रान दाट आणि सदाहरित. दिसायला देखणं, पण त्या सावलीत चरायला फारसं काही उगवत नाही. चांगला चारा मिळतो तो सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळपठारांवर, आणि उठून गेलेल्या गावांच्या पडीक भातखाचरांत. लोकांनी घरदार सोडलं, त्या जमिनीवर आज हरणं चरतात. त्या माणसांचं देणं आपण विसरू नये. तिथंही लक्ष ठेवलं नाही तर रानमोडी नि घाणेरीसारखी बाहेरून आलेली झुडपं माजतात, आणि कुरण हातचं जातं. ती झुडपं उपटायला लागतात मजूर, वेळेवर निधी आणि चिकाटी. वाघीण सोडताना फोटो निघतात, रानमोडी उपटताना कोण काढणार?

दुसरी गोष्ट पंचनाम्याची. शिराळा, पाटण भागात गव्यांनी रात्रीत पीक तुडवलं, तर शेतकऱ्याला भरपाई कधी मिळते, यावर प्रकल्पाची पत ठरते. गावाची साथ आणि राखण नसेल तर आणलेला वाघही टिकत नाही. राजस्थानातल्या सरिस्कामध्ये शिकाऱ्यांनी वाघ संपवले, २००८ मध्ये बाहेरून वाघ आणून पुन्हा सुरुवात झाली. त्यातला पहिलाच नर २०१० मध्ये विषबाधेनं मेला. मध्य प्रदेशातल्या पन्नात तेच काम २००९ मध्ये सुरू झालं, तिथं रात्रंदिवस माग काढणारी माणसं होती, आणि तिथली संख्या झपाट्यानं वाढली.

आपला प्रकल्प सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांत पसरलेला. एवढ्या कचेऱ्यांत शेतकऱ्याचा अर्ज फिरत राहायला किती वेळ लागतो, हे तुम्हाला सांगायला नको.

मला वाटतं, दरवर्षी पावसाळा सरला की प्रकल्पानं बफरमधल्या, म्हणजे गाभ्याच्या रानाभोवतीच्या पट्ट्यातल्या, प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर तीन आकडे लावावेत: किती हेक्टर कुरण साफ झालं, सांबर-गव्यांची गणती काय आली, आणि गावातले किती पंचनामे अजून पैशांची वाट बघतायत. वाघांचा आकडा चौथा लिहिला तरी चालेल.