देश वाटण्याऐवजी एक दाणा

सहकारी शिक्षकहो, ‘जागतिक संस्कृती आणि आहार या विषयावरचा वर्गप्रकल्प तंत्रज्ञानाच्या साहाय्याने कसा आखावा’ हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. आखणीकडे मी येणारच आहे. पण त्याआधी एका रूढ पद्धतीविषयी मला मनापासून बोलायचे आहे, कारण ती पद्धत सोडल्याशिवाय पुढची कोणतीही आखणी उभी राहत नाही, असे माझे ठाम मत आहे.

ही पद्धत आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. शिक्षक वर्गाचे गट पाडतात आणि प्रत्येक गटाला एकेक देश वाटून देतात. एकाकडे इटली येते, दुसऱ्याकडे मेक्सिको, तिसऱ्याकडे जपान. मग प्रत्येक गट इंटरनेटवरून ध्वज, राजधानी, पोशाख आणि एक ‘राष्ट्रीय पदार्थ’ उतरवून घेतो, त्याच्या दहाबारा स्लाइड्स करतो, शेवटच्या दिवशी पालक येतात, छायाचित्रे निघतात आणि प्रकल्प पार पडतो. मुले मेहनत घेतात, पालक आनंदी होतात, त्यामुळे या पद्धतीविरुद्ध कोणी सहसा बोलत नाही. पण देश वाटून दिले की प्रकल्पातला शिकण्याजोगा भाग तिथेच संपतो, कारण अन्नाचा जवळजवळ सगळा इतिहास सरहद्दी ओलांडण्याचा इतिहास आहे आणि आपण तर मुलांना सरहद्दीच्या आत बसवून त्यांच्या हाती टॅबलेट देतो.

मी काय म्हणते ते एका प्रसंगातून स्पष्ट होईल. एका शाळेत अशाच प्रदर्शनासाठी मला परीक्षक म्हणून बोलावले होते. अकरा-बारा वर्षांची मुले होती आणि इटलीच्या गटाने मांडणी सुरेख केली होती. मधोमध टोमॅटोच्या सॉसमध्ये घोळलेल्या स्पॅगेटीचे मोठे छायाचित्र होते आणि त्याखाली ठळक अक्षरांत लिहिले होते, ‘रोमन साम्राज्यापासून चालत आलेली परंपरा’. त्याच भिंतीवर, दोन हात पलीकडे, मेक्सिकोच्या गटाचा तक्ता होता आणि त्यावर टोमॅटो हे मूळचे अमेरिका खंडातले पीक असून कोलंबसाच्या प्रवासानंतर ते युरोपात गेले, हे अगदी बरोबर लिहिले होते. एकाच वर्गाने, एकाच आठवड्यात केलेले ते दोन तक्ते एकमेकांना खोटे ठरवत होते आणि ते वर्गात कोणाच्याही लक्षात आले नव्हते. येणार तरी कसे? प्रत्येक गटावर फक्त स्वतःच्या देशाची जबाबदारी होती.

इटलीच्या गटातल्या एका मुलीला मी शेजारचा तक्ता वाचायला सांगितले. तिने तो वाचला, परत आपल्या तक्त्याकडे पाहिले आणि विचारले, “मग रोमन लोक स्पॅगेटीवर काय घालून खात होते?” त्या सबंध प्रदर्शनात माझ्या कानावर आलेला हा पहिला खरा प्रश्न होता. त्यात इतिहास होता, भूगोल होता आणि स्पॅगेटी तरी रोमन काळात होती का, ही पुढची शंकाही त्यात दडलेली होती. पण जपानच्या गटाची वेळ झाली होती, म्हणून तिला खाली बसायला सांगण्यात आले. मला आजही त्याचे वाईट वाटते. त्या प्रश्नाला अर्धा तास मिळाला असता तर मुलांना सापडले असते की पिएत्रो आंद्रेया मात्तिओली या इटालियन वनस्पतितज्ज्ञाने टोमॅटोचे वर्णन केले ते १५४४ साली. टोमॅटोच्या सॉसची पाककृती नेपल्समध्ये छापली गेली ती थेट १६९० च्या दशकात, आणि तीही ‘स्पॅनिश पद्धतीची’ म्हणून. पास्ता आणि टोमॅटो यांची जोडी रूढ व्हायला तर एकोणिसावे शतक उजाडावे लागले. ज्या पदार्थाला आपण इटलीची ओळख मानतो, तो दोन खंडांच्या भेटीतून आणि तीनशे वर्षांच्या सवयीतून घडला, ही गोष्ट त्या भिंतीवर हजर असूनही कोणाला वाचता आली नाही.

देशवार वाटणीतली अडचण युनेस्कोच्या कागदपत्रांतही दिसते, आणि ही कागदपत्रे, त्यांसोबतची छायाचित्रे व चित्रफिती सर्वांना मोफत पाहता येतात म्हणून शिक्षकांनी ती अवश्य उघडावीत. अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या रक्षणाचा युनेस्कोचा करार २००३ चा आहे. त्याखालच्या यादीत आहाराशी निगडित नोंदी २०१० पासून दिसू लागल्या. पण त्या नोंदी नीट वाचल्या तर जाणवते की तिथे पदार्थाला मान दिलेला नसून तो करण्याच्या रीतीला दिलेला आहे. २०१७ ची नोंद नेपल्सच्या पिझ्झाची नसून पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेची आहे. २०१३ ची दक्षिण कोरियाची नोंद हिवाळ्यासाठी एकत्र जमून किमची, म्हणजे आंबवलेल्या भाज्यांचे लोणचे, घालण्याची आणि ती वाटून घेण्याची आहे, आणि २०१५ मध्ये उत्तर कोरियाच्या नावावरही किमचीची स्वतंत्र नोंद झाली. कुसकुसची, म्हणजे गव्हाच्या रव्याच्या वाफवलेल्या बारीक दाण्यांची, नोंद २०२० साली अल्जीरिया, मॉरिटेनिया, मोरोक्को आणि ट्युनिशिया या चार देशांनी मिळून केली. लवाश नावाच्या पातळ रोटीची नोंद २०१४ मध्ये आर्मेनियाने केली आणि तिच्याच कुळातल्या रोट्यांची नोंद २०१६ मध्ये अझरबैजान, इराण, कझाकस्तान, किर्गिझस्तान आणि तुर्की यांनी एकत्र केली. आता सांगा, लवाश कोणत्या गटाला द्यायची?

म्हणून माझी विनंती अशी आहे की वर्गाला देश देऊ नका, एक दाणा द्या. एकच पीक सबंध वर्गाला द्या आणि विचारा: हे कुठून निघाले, कोणाबरोबर कुठे पोहोचले, त्याच्याबरोबर काय गेले आणि काय मागे राहिले? या शेवटच्या प्रश्नावर माझा सर्वांत जास्त भर आहे आणि मका हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे.

आजच्या मेक्सिकोच्या नैर्ऋत्येला, बाल्सास नदीच्या खोऱ्यात, सुमारे ९००० वर्षांपूर्वी लोकांनी टिओसिंटे नावाच्या रानगवतापासून मका घडवायला सुरुवात केली. त्या गवताच्या कणसात जेमतेम पाच ते बारा दाणे असतात आणि तेही दगडासारख्या कवचात. दोन्ही कणसांची छायाचित्रे शेजारी ठेवली की मुले आपोआप बोलू लागतात. पुढे तिथल्या स्त्रियांनी मका शिजवण्याची एक रीत बसवली. वाळलेले दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवायचे, रात्रभर तसेच भिजत ठेवायचे, सकाळी धुवायचे. दाणा बोटांत धरून चोळला की पिवळी साल सुटून पाण्यावर येते आणि आतला दाणा मऊ, फुगलेला हाती लागतो. तो दगडी पाट्यावर वाटला की चिकट पीठ होते आणि त्याच्या तोर्तिया, म्हणजे पातळ भाकऱ्या, थापता येतात. या प्रक्रियेला निक्स्तामलीकरण आणि तयार झालेल्या दाण्यांना निक्स्तामल म्हणतात. साल काढणे एवढाच या प्रक्रियेचा लाभ नाही. मक्यातले नायसिन हे जीवनसत्त्व अशा रूपात बांधलेले असते की शरीराला ते घेता येत नाही आणि चुन्याच्या पाण्याने ते मोकळे होते. हे रसायन त्या स्त्रियांना ठाऊक नव्हते, पण रीत मात्र त्यांनी पिढ्यानपिढ्या सोडली नाही.

मका युरोपात गेला, पण ही रीत गेली नाही. स्पेनमध्ये आणि उत्तर इटलीत गरीब शेतकरी जवळजवळ नुसत्या मक्यावर जगू लागले आणि त्यांच्यात त्वचा काळवंडून फाटणारा, पुढे बुद्धिभ्रम आणि मृत्यूपर्यंत नेणारा पेलाग्रा हा रोग पसरला. अठराव्या शतकात गास्पार कासाल या स्पॅनिश वैद्याने त्याचे वर्णन केले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत तो हजारोंच्या संख्येने दिसू लागला तेव्हा तो संसर्गजन्य असावा असे अनेक डॉक्टरांना वाटत होते. १९१४ पासून जोसेफ गोल्डबर्गर यांनी चिकाटीने दाखवून दिले की दोष आहारात आहे, आणि १९३७ मध्ये कॉनराड एल्व्हेजेम यांनी नायसिन हाच त्यावरचा उपाय असल्याचे दाखवले. दाणा जहाजात बसून गेला आणि तो शिजवणाऱ्या हातांचे ज्ञान किनाऱ्यावरच राहिले, कारण ते ज्यांच्यापाशी होते त्यांना विचारावेसे कोणाला वाटले नाही. संस्कृती म्हणजे काय, हे बारा वर्षांच्या मुलाला समजावण्यासाठी मला यापेक्षा चांगला धडा आजवर सापडलेला नाही, आणि पोशाखाच्या चित्रांतून तो कधीच मिळणार नाही.

आयोजकांची चिठ्ठी आली आहे, त्यामुळे ज्या आखणीसाठी आपण जमलो ती आता थोडक्यात सांगते. प्रकल्पाला सहा आठवडे ठेवा आणि गटांना देशांऐवजी प्रश्न वाटा: उगम, प्रवास, शिजवण्याच्या रीती, आरोग्य, आजचा व्यापार. १९९५ मध्ये सॅन डिएगो स्टेट विद्यापीठात बर्नी डॉज यांनी वेबक्वेस्टची, म्हणजे निवडक दुव्यांच्या आधारे करायच्या शोधप्रकल्पाची, रचना मांडली तेव्हा त्यांचा आग्रह होता की मुलांचा वेळ माहिती धुंडाळण्यापेक्षा ती वापरण्यात जावा. तो आग्रह आजही योग्य आहे, म्हणून सुरुवातीचे विश्वसनीय दुवे शिक्षकाने स्वतः निवडून द्यावेत.

सगळ्या वर्गाचे मिळून एकच सामायिक स्प्रेडशीट असावे आणि त्यात दावा, ठिकाण, काळ, पुरावा आणि दुसरा स्वतंत्र पुरावा असे रकाने असावेत. दुसरा पुरावा मिळेपर्यंत ती ओळ पिवळी ठेवायची. चॅटबॉटला प्रश्न विचारायला माझी हरकत नाही, परंतु त्याचे उत्तर दाव्याच्या रकान्यात जाईल, पुराव्याच्या रकान्यात कधीही नाही. पदार्थांची चित्रेही एआयकडून काढून घेऊ नयेत. विकिमीडिया कॉमन्सवरची खरी छायाचित्रे छायाचित्रकाराचे नाव आणि परवाना लिहून वापरावीत. या तक्त्यावरून एकच नकाशा तयार करावा, गूगल अर्थवर किंवा नाइट लॅबच्या स्टोरीमॅप या नकाशावर गोष्ट मांडण्याच्या मोफत साधनावर, म्हणजे दोन गटांची परस्परविरोधी विधाने एकाच बिंदूवर समोरासमोर येतील आणि त्यांचा निवाडा मुलांनाच करावा लागेल.

आजच्या परिस्थितीसाठी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचे फाओस्टॅट हे संकेतस्थळ वापरा. तिथे १९६१ पासूनची देशवार आकडेवारी मोफत उतरवून घेता येते. मुलांनी आलेख स्वतः काढले की त्यांना दिसेल की मका मेक्सिकोचा असला तरी सर्वाधिक मका आज अमेरिकेची संयुक्त संस्थाने पिकवतात आणि त्यातला मोठा भाग पशुखाद्यात व इंधनात जातो, तर मलावीत मक्याच्या पिठाचे न्सिमा हेच रोजचे मुख्य अन्न आहे आणि त्याची नोंद २०१७ मध्ये युनेस्कोच्या यादीत झालेली आहे.

चौथा आठवडा माणसांसाठी राखून ठेवा. ज्यांच्या घरी ते पीक रोज शिजते अशा कोणाशी तरी, दुसऱ्या देशातल्या एखाद्या वर्गाशी शक्य असेल तर उत्तमच, मुलांचे बोलणे व्हायला हवे. थेट व्हिडिओ कॉलचा हट्ट धरू नका. मेक्सिको सिटी आणि मलावीची राजधानी लिलाँग्वे यांच्या घड्याळांतच आठ तासांचे अंतर आहे. दोन मिनिटांच्या ध्वनिचित्रफिती पाठवणे आणि उत्तराची वाट पाहणे हे जास्त जमते आणि मुलेही प्रश्न विचारपूर्वक लिहितात. चित्रण करताना चेहऱ्यांऐवजी हात टिपायला सांगा. त्यामुळे खासगीपणाचा प्रश्न बराच सुटतो आणि रीतही स्पष्ट दिसते. अनेक सेवांना तेरा वर्षांची अट असते, तेव्हा खाती शिक्षकाच्या नावावर ठेवा आणि पालकांची लेखी संमती घ्या.

वर्गात काही शिजवणार असाल तर शेंगदाणे, दूध, अंडी, गहू, तीळ यांच्या ॲलर्जीची चौकशी आधी करा. निक्स्तामल मात्र मुलांच्या हातून करवू नका, चुन्याचे पाणी त्वचेला आणि डोळ्यांना घातक असते. मोठ्यांनी आधी करून धुतलेले दाणे चोळायला द्या, साल सुटताना पाहण्याचा आनंद तेवढ्यानेही मिळतो. आणि ज्या शाळेत एकच लॅपटॉप असेल तिने थांबून राहू नये, कारण किविक्स या मोफत सॉफ्टवेअरच्या साहाय्याने विकिपीडिया इंटरनेटशिवाय वाचता येतो आणि नकाशा भिंतीवर कागदाचाही चालतो.

गुण देताना स्लाइड्सच्या देखणेपणाला अगदी थोडे ठेवा. किती पिवळ्या ओळी पुराव्यासह मोकळ्या झाल्या, कोणत्या ओळी मुलांनी स्वतःहून खोडल्या आणि का, आणि गटाने शेवटी कोणता नवा प्रश्न मागे ठेवला, याला मोठा वाटा द्या. पालकांना दाखवण्याच्या आठवडाभर आधी तो नकाशा ज्यांच्याशी मुले बोलली त्या माणसांकडे पाठवा आणि ‘आमच्याविषयी इथे काय चुकले आहे?’ एवढेच विचारा. त्यांच्या दुरुस्त्या नकाशात उतरल्यानंतरच प्रदर्शनाची तारीख जाहीर करा.