काळीज काढतात म्हणे!

(पडद्यावर: चिंचपोकळी, साने गुरुजी मार्ग. कस्तुरबा रुग्णालयाचं फाटक.)

मार्च २०२० मध्ये मुंबईतले कोरोनाचे पहिले रुग्ण इथेच ठेवले होते. तेव्हा आपल्या मोबाइलवर काय काय फिरत होतं, आठवतंय? फाइव्ह-जीच्या टॉवरमुळे रोग पसरतो. मग लस आली, तर म्हणे लसीतून चिप टोचतात. या जागेला असल्या गोष्टी नवीन नाहीत.

२९ ऑक्टोबर १८९६. तेव्हा हे आर्थर रोड इस्पितळ होतं. त्या दिवशी हजारभर गिरणी कामगार त्यावर चालून गेले. महिन्याभरापूर्वी मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला होता. आणि वस्तीवस्तीत कुजबुज होती, की इस्पितळात माणसाला मारून त्याच्या देहातून मोमियाई काढतात. मोमियाई म्हणजे माणसाच्या शरीरापासून बनवलेलं जालीम औषध. दुसरी अफवा त्याहून अचाट: व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला कोणी डांबर फासलं, म्हणून राणीने मुंबईकरांची काळजं मागवली आहेत.

डांबर मात्र खरंच फासलं होतं.

(पडद्यावर: चाळीचा अंधारा जिना.)

हसण्याआधी घटकाभर या जिन्यावर उभं राहू. शेजारच्या खोलीत कोणाला ताप भरला, काखेत गाठ आली, की घरचे त्याला लपवत. रुग्ण शोधत फिरणाऱ्या सरकारी पथकाच्या हाती तो लागे तोवर पार खंगलेला असे. असा माणूस इस्पितळात पोचे आणि बहुधा दगावे. चाळीला दिसे ते एवढंच: चालत्याबोलत्या घरातून माणूस उचलून नेला, तो परत आला नाही. अफवेपायी लपवाछपवी, लपवाछपवीपायी मरण, आणि मरण झालं की अफवेला पुरावा.

लोक अडाणी होते, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण सरकारने तरी विश्वास बसावा असं काय केलं होतं? जबरदस्तीने घरात शिरणं, सामान जाळणं, रेल्वे स्टेशनांवर बायकांची तपासणी. पुढे पुण्यात तर गोरे सोजीर घराघरांत घुसले. संशय रास्तच होता.

घोटाळा होतो तो पुढच्या उडीत. ‘सरकार बेपर्वा आहे’ याचा पुरावा ढीगभर होता. ‘सरकार काळजं काढतंय’ याला वेगळा पुरावा लागतो, आणि तो कोणी मागितला नाही. इस्पितळाचं तोंडही न पाहिलेली माणसं घरातच का मरत होती? माणसांच्या आधी उंदीर का मरून पडत होते? खरा धागा तिथे, पायापाशी होता. १८९८ मध्ये कराचीत फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी तो पकडला: प्लेग पसरवत होत्या उंदरांवरच्या पिसवा.

कटाच्या गोष्टीची एक खोड असते. डॉक्टर नाही म्हणाला, तर डॉक्टरही सामील. जी गोष्ट कशानेच खोटी ठरू शकत नाही, ती खरी आहे हे तरी कसं ठरवणार?

(पडद्यावर: परळ, हाफकिन इन्स्टिट्यूट.)

जानेवारी १८९७ मध्ये शास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांनी आपण बनवलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. तरी लोक बिचकत होतेच. मग १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी लस घेतलेल्या १०७ जणांपैकी १९ जण धनुर्वाताने मेले. म्हणजे अफवा खरीच होती म्हणायची?

इथे कोणीतरी नीट मोजलं. मेलेले सगळे एकाच बाटलीतून टोचलेले. बाकीच्या बाटल्यांची लस घेतलेले ठणठणीत. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तोच पुरेसा निर्जंतुक न करता वापरला, असं साक्षीत आलं. लसीने माणसं मेली हे खरं, कट मात्र नव्हता. तरीही सरकारने दोष हाफकिन यांच्याच माथी मारला, त्यांना कामावरून दूर केलं, आणि ते निर्दोष ठरायला १९०७ साल उजाडलं.

परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव मिळालं, ते १९२५ मध्ये.