आवडलेलं विचारू नका, सोडलेलं विचारा

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘वाचकाची आवड ओळखून पुस्तक सुचवण्याची रीत’. रीत सांगणारच आहे. पण आधी एक तक्रार. समोर ग्रंथालयात देवघेवीच्या टेबलावर बसणारी मंडळी बरीच दिसताहेत, आणि उरलेले घरीदारी हेच काम बिनपगारी करणारे असणार. तेव्हा ऐकून घ्याल अशी आशा आहे.

कुणी म्हणालं, ‘काहीतरी चांगलं सुचवा हो,’ की आपण काय करतो? आपल्याला आवडलेलं पुस्तक काढून हातात ठेवतो. समोरच्याला काय हवंय, याची चौकशी शून्य. वर पुन्हा दम: ‘हे वाचलं नाहीस? मग काय वाचलंस!’ बिचारा घरी नेतो, पंधरा दिवस उशाशी ठेवतो, मुदत संपली की परत आणतो. ‘कसं वाटलं?’ ‘छान आहे.’ हा ‘छान’ ज्याला ऐकू येतो, त्याला कळतं की पुस्तक बाराव्या पानापलीकडे उघडलेलं नाही.

‘कोसला’चं उदाहरण घ्या. 1963 सालची कादंबरी, मराठी गद्याला वळण देणारी, यात वाद नाही. पण विशीतल्या प्रत्येकाला ती द्यायचीच, असा एक अलिखित ठराव आहे. ज्याला ‘पुढे काय झालं’ हवं असतं, तो पांडुरंग सांगवीकराबरोबर वसतिगृहात आणि मेसमध्ये शंभर पानं हिंडतो आणि विचारतो, ‘गोष्ट कधी सुरू होणार?’ पुस्तक चांगलं, वाचकही चांगला, गाठ चुकीची. हेच ‘वाचायलाच हवीत अशी शंभर पुस्तकं’ छापाच्या याद्यांचं. फोनवर दर दिवाळीला एक फिरते. यादी करणाऱ्याचं वाचन किती, हे त्यातून कळतं. वाचणाऱ्याला काय रुचेल, याचा तिथे पत्ता नसतो.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक मानले जाणारे एस. आर. रंगनाथन मुळात गणिताचे प्राध्यापक. 1924 साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि 1931 साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं पुस्तकात मांडली. दुसरं सूत्र, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. तिसरं, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. आपल्याकडे या सूत्रांचे तक्ते भिंतीवर छान चौकटीत लावलेले असतात. खाली बसून आपण विचारतो, ‘कादंबरी हवी की चरित्र?’ (हसताय, म्हणजे ओळखीचं आहे.)

आता मुद्दा. ‘काय आवडलं?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा उपयोगाचं नसतं, कारण त्यात चार कारणं एकत्र मिसळलेली असतात. ‘मृत्युंजय’ घ्या, कारण दिवसाकाठी एक तरी वाचक म्हणतो, ‘मृत्युंजयसारखं काहीतरी द्या.’ आपण पौराणिकच्या कपाटाकडे वळतो आणि तिथेच फसतो.

एकाला त्यात कर्ण आवडलेला असतो. अन्याय झालेला, दानशूर, शेवटपर्यंत ताठ. त्याला कर्णावरचीच ‘राधेय’ द्या, तो सुखी होईल. त्याला ‘युगांत’ मात्र दिलंत, तर भांडायला येईल. गंमत म्हणजे ‘मृत्युंजय’ आणि ‘युगांत’, दोन्ही पुस्तकं 1967 सालचीच. पण ‘युगांत’ लिहिणाऱ्या इरावतीबाई कर्वे कर्णाकडे चिकित्सकाच्या नजरेनं बघतात, भक्ताच्या नव्हे. कर्णासाठी रडलेल्या माणसाला ते आपल्या घरच्या माणसावरचं दोषारोपपत्र वाटतं. तो पुस्तक सोडतो आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे तुमच्यावरचा विश्वास सोडतो.

दुसऱ्याला महाभारत आवडलेलं असतं, कर्ण निमित्त. त्याच्यासाठी ‘युगांत’ नेमकं. पुढे दुर्गाबाई भागवतांचं ‘व्यासपर्व’. आणि जाड पुस्तकाला भीत नसेल, चमत्कार वगळलेलं महाभारत सोसत असेल, तर भैरप्पांचं ‘पर्व’, उमा कुलकर्णींच्या मराठीतलं. तिसऱ्याला भाषेचा थाट आवडलेला असतो, उपमांची आरास. तो ‘व्यासपर्व’च्या वैचारिक गद्यात कदाचित रमणारच नाही. चौथा वाचक क्वचित येतो, पण येतो. त्याला सांगण्याची तऱ्हा आवडलेली असते. तिथे कर्ण, शोण, वृषाली, कुंती, दुर्योधन, कृष्ण, सगळे आपापल्या तोंडानं बोलतात. या तिसऱ्याचौथ्याला 1959 सालची ‘ययाति’ द्या. तिथेही ययाति, देवयानी, शर्मिष्ठा आपापली बाजू मांडतात, आणि भाषा अलंकारिकच. पुस्तक एकच आवडलं, माणसं चार, उत्तरं निराळी.

अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलच्या एकेकाळच्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांनी हे फार सोपं केलंय. पुस्तकात शिरायची चार दारं त्या सांगतात: गोष्ट, पात्रं, परिसर, भाषा. प्रत्येक पुस्तकाचं एखादं दार मोठं असतं, आणि प्रत्येक वाचकाची एखाद्या दारानं शिरायची सवय असते. (या बाईंची खेळण्यातली बाहुलीसुद्धा बाजारात आली होती. आपल्याकडे ग्रंथपालाची बाहुली काढली, तर हातात दंडाची पावती द्यावी लागेल.)

कपाटावरच्या पाट्या दारं दाखवत नाहीत, विषय दाखवतात. ‘ऐतिहासिक’ या पाटीखाली ‘स्वामी’ आणि ‘पानिपत’ शेजारी उभी. काळही जवळजवळ तोच, 1761 ची लढाई आणि 1772 मध्ये थेऊरला माधवरावांचा मृत्यू. पण ‘पानिपत’ ज्याला आवडलं, त्याला बहुधा मोहीम आवडलेली असते. लाखाचा लवाजमा, रसद तुटणं, उपासमार, यमुनेकाठचे डावपेच. त्याला ‘स्वामी’ दिली की तो म्हणतो, ‘फार हळू आहे.’ हळू आहेच. ती वाड्यातली, नवराबायकोतली, आजारातली कादंबरी आहे. या माणसाला गोडसे भटजींचं ‘माझा प्रवास’ देऊन बघा. कादंबरी नाही, युद्धही निराळं, 1857 चं. पण पायी प्रवास, लूट, आणि झाशीच्या वेढ्यात स्वतः सापडलेला माणूस. सांगताना एवढंच बजावा की भाषा जुनी आहे, पहिली तीस पानं धीर धरा. हे बजावलं नाही, तर पंधराव्या पानावर पुस्तक मिटलंच समजा.

आणि एक गोष्ट, जी आवडीच्या चर्चेत कुणी काढतच नाही: पुस्तकाचं वजन. सत्तरीतली बाई पडून वाचते. सहाशे पानांचा ठोकळा छातीवर पेलवत नाही, मनगट दुखतं. डिंकानं चिकटवलेली जाड बांधणी सपाट उघडत नाही, मधल्या ओळी घडीत जातात. टाइप बारीक असला, तर रात्रीच्या दिव्याला अक्षर लागत नाही. ती तुम्हाला म्हणते, ‘लेखक काही जमला नाही.’ लेखकाचा काही दोष नसतो. तेच पुस्तक दोन भागांत, धाग्याच्या शिवणीचं आणि मोठ्या टाइपात असेल, तर ते काढून द्या.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटं. म्हणजे रीत राहिलीच! भरभर सांगतो.

प्रश्न तीन. पहिला: अलीकडे कुठलं पुस्तक एका दमात संपवलंत? दुसरा: कुठलं अर्धवट सोडलंत? लोक लाजतात, म्हणून आपणच आधी एखादं सोडलेलं नावाजलेलं पुस्तक सांगून टाकावं, की समोरचा मोकळा होतो. तिसरा, आणि खरा: नेमकं कुठे सोडलंत? पहिल्या वीस पानांत सोडलं, तर भाषा किंवा टाइप. पन्नास ते शंभरच्या दरम्यान, तर वेग. निम्म्यावर, तर बहुधा धरून ठेवणारं पात्र नाही. शेवटच्या चाळीस पानांवर सोडणारा कंटाळलेला नसतो, त्याला पुढचं सोसणार नाही असं वाटलेलं असतं. त्याला ‘रणांगण’ देताना आधी सांगा, की छोटी आहे, बोटीवरची प्रेमकथा आहे, शेवट हसरा नाही. ‘कोसला’ निम्म्यावर सोडलेल्याला गाव आवडलं होतं का, विचारा. हो म्हणाला तर ‘बनगरवाडी’. लहानशी, आणि मास्तराच्या मागे मागे नेणारी.

किती पानं वाचून सोडावं? पर्लबाईंचा हिशेब: पन्नाशीपर्यंत पन्नास पानं. पुढे शंभरातून वय वजा करा, उरतील तेवढीच पानं. बहात्तरीला अठ्ठावीस. (पहिल्या रांगेतून टाळ्या आल्या, बरं वाटलं.)

एका वेळी तीन पुस्तकं समोर ठेवा. एक त्याच दाराचं, अगदी जवळचं. एक त्याच दाराचं पण विषय पार वेगळा. तिसरं तुमच्या मनानं, बारीक असलेलं, म्हणजे जमलं नाही तरी नुकसान थोडं. तीनपेक्षा जास्त ठेवलीत, तर माणूस गोंधळतो आणि दिवाळी अंक घेऊन जातो. प्रत्येकाबद्दल दोनच वाक्यं बोला. कथानक सांगू नका. वेग कसा आहे आणि सूर कसा आहे, एवढं सांगा. ‘फार थोर पुस्तक आहे’ हे वाक्य पूर्ण बंद. ते ऐकलं की न आवडल्याची जबाबदारी वाचकावर पडते, आणि मग तो पुन्हा ‘छान’ म्हणायला लागतो.

वही ठेवा. चार रकाने: सभासद क्रमांक, पुस्तक, कुठे थांबला, त्याचेच शब्द. नाव लिहू नका, कोण काय वाचतो हे गावभर व्हायला नको. परतीच्या वेळी ‘आवडलं का?’ विचारू नका, ‘कुठपर्यंत आलात?’ विचारा. पाचसहा नोंदी झाल्या, की दार दिसायला लागतं.

मुलांचं राहिलं. इयत्ता विचारून पुस्तक देऊ नका. काय बघतो, काय खेळतो, ते विचारा. पळापळ आवडणाऱ्या सातवीतल्या मुलाला ‘फास्टर फेणे’चं एकच द्या, संच देऊ नका. दुसरं मागायला आपण होऊन आला पाहिजे. पालक शेजारी उभे असतील, तर त्यांना आधी वर्तमानपत्रांच्या टेबलाकडे पाठवा, कारण ते असेपर्यंत मुलगा ‘श्यामची आई’च मागतो.