लँगली पार्कची पुपुसा

(दृश्य: युनिव्हर्सिटी बुलेवर्ड, सकाळ. रुंद रस्ता, मधोमध रुळांचं काम.)

वॉशिंग्टन डी.सी.ची हद्द ओलांडून मेरीलँडमध्ये शिरलं की थोड्याच अंतरावर लँगली पार्क लागतं. राजधानी बघायला आलेला पाहुणा इथे सहसा फिरकत नाही. या भागातल्या मराठी मंडळींना मात्र हा चौक चांगला माहीत आहे. युनिव्हर्सिटी बुलेवर्ड आणि न्यू हॅम्पशायर अव्हेन्यू जिथे मिळतात, त्या परिसरातल्या भारतीय दुकानांतून कित्येक घरांचा किराणा वर्षानुवर्षं भरला गेला. तूरडाळ घ्यायची, पोहे घ्यायचे, गाडीत टाकायचे आणि निघायचं. आज आम्ही निघालो नाही. आज शेजारच्या गाळ्यात शिरलो.

(दृश्य: गाळ्याचं दार उघडतं. टेबलं, निळा-पांढरा झेंडा, टीव्हीवर फुटबॉल.)

मोजकी टेबलं आणि काउंटरमागे लांब सपाट तवा. कान दिलात तर टीव्हीच्या आवाजाखालून एक थाप ऐकू येईल. थाप, थाप, थाप. ती सकाळपासून चालू आहे.

(दृश्य: हात, अगदी जवळून.)

या हातांकडे नीट बघा. बाजूच्या वाटीत पाणी आणि तेल. त्यात बोटं बुडवायची, मक्याच्या पिठाचा गोळा घ्यायचा, अंगठ्याने खळगा करायचा. खळग्यात सारण. कडा वर ओढून तोंड बंद. मग या तळव्यावरून त्या तळव्यावर, फिरवत, दाबत. भाकरी थापणाऱ्या कुणालाही हे हात ओळखीचे वाटतील. फक्त इथे परात नाही, सगळं काम हवेतच होतं. आपल्याकडचं मक्याचं पीठ असं वागणार नाही, कडेला चिरा पडतील. हा मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवलेला असतो. चुन्याने साल सुटतं, पिठाला चिकटपणा येतो आणि आतलं सारण बाहेर न येता गोळा पसरतो. मध्य अमेरिकेतल्या लोकांनी ही युक्ती हजारो वर्षांपूर्वी शोधून काढली.

ही पुपुसा. मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर या देशाचा राष्ट्रीय पदार्थ. २००५ साली तिथल्या विधिमंडळाने तसा ठरावच केला आणि नोव्हेंबरचा दुसरा रविवार पुपुसाचा दिवस म्हणून जाहीर केला.

(दृश्य: तव्यावर पुपुसा. कडेने चीज बाहेर येऊन तांबूस होतंय.)

सारण कसलं? ‘रेवुएल्ता’मध्ये शिजवून बारीक वाटलेलं डुकराचं मांस, घोटलेला लाल घेवडा आणि चीज, तिन्ही एकत्र. दुसरी आमच्या सर्वांत आवडीची, लोरोको आणि चीजची. लोरोको म्हणजे एका वेलीच्या हिरव्या कळ्या. चव आंबूस, जराशी रानटी, आणि दुसऱ्या कशातच न सापडणारी. शाकाहारी मंडळींनी घेवड्याच्या पुपुसाबद्दल आधी विचारून घ्यावं, कारण घेवडा पुष्कळदा डुकराच्या चरबीत परततात. लोरोको-चीज बहुतेक वेळा निर्धास्त.

सोबत कुर्तिदो येतो: कोबी, गाजर, कांदा, ओरेगानो, व्हिनेगरमध्ये मुरवलेले. आणि पातळ टोमॅटोची साल्सा, तिखट मुळीच नाही. काटा-चमचा बाजूला ठेवा. तुकडा हाताने तोडायचा, त्यावर कुर्तिदो घ्यायचा. गरम चीज आणि हा आंबट करकरीतपणा एकाच घासात आला पाहिजे. कुर्तिदोशिवाय पुपुसा खाऊन ‘जड आहे’ म्हणणाऱ्यांचं आम्ही मुळीच ऐकून घेणार नाही!

(दृश्य: जुन्या वॉशिंग्टनची छायाचित्रं. माउंट प्लेझंटच्या गल्ल्या.)

पण हा तवा इथवर आला कसा? १९६० च्या दशकात एल साल्वादोरमधून बायका वॉशिंग्टनला आल्या, राजनैतिक अधिकाऱ्यांच्या आणि सरकारी नोकरांच्या घरी मुलं सांभाळायला, घरकाम करायला. पुरुष मागून आले. तिकडे एल साल्वादोरमध्ये २४ मार्च १९८० रोजी आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांची प्रार्थना चालू असताना हत्या झाली आणि देश यादवीत लोटला गेला. १९९२ मध्ये शांतता करार होईपर्यंत सुमारे ७५ हजार माणसं मेली. जीव वाचवून निघालेल्यांना वॉशिंग्टनमध्ये कुणाची बहीण, कुणाची मावशी आधीच होती. इन्तिपुका या एका गावातून तर इतके लोक आले की त्या गावाचं नाव वॉशिंग्टनशी कायमचं जोडलं गेलं. पुढे शहरातली भाडी वाढली आणि कुटुंबं उपनगरांत सरकली. आज या महानगरातला परदेशात जन्मलेल्यांचा सर्वांत मोठा गट साल्वादोरच्या लोकांचाच आहे.

२००१ च्या जानेवारी आणि फेब्रुवारीत तिथे दोन मोठे भूकंप झाले. तेव्हा अमेरिकेत असलेल्यांना राहण्याचा तात्पुरता परवाना मिळाला. तो तात्पुरताच राहिला. दोन दशकांहून जास्त काळ माणसं मुदतवाढीवर जगत आली. इथेच मुलं झाली, घरं घेतली, दुकानं थाटली, आणि दर वेळी नव्या तारखेची वाट बघितली. हे अन्यायाचं आहे. आमच्या मनात त्याबद्दल शंका नाही.

(दृश्य: काचेचा उंच ग्लास, बारीक चिरलेली फळं.)

हे पेय, ‘एन्सालादा’. अननस, सफरचंद, मामेय आणि हा फिकट तुकडा बघा: काजूचं बोंड. काजू मूळचा ब्राझीलचा. पोर्तुगीजांनी तो गोव्यात आणला आणि तिथून तो कोकणभर झाला. मालवणकडच्या कुणी इथे पहिला घोट घेतला तर घशाला बसणारा तो तुरटपणा लगेच ओळखेल.

(दृश्य: बाहेर रुळांचं काम, क्रेन.)

बाहेर ‘पर्पल लाइन’ ही रेल्वे बांधली जातेय. बेथेस्डा ते न्यू कॅरोल्टन, २१ स्थानकं. काम २०१७ मध्ये सुरू झालं. गाडी हवीच, इथल्या बसने कामाला जाणाऱ्या माणसांना तर सर्वांत आधी हवी. पण स्थानकाशेजारच्या गाळ्यांची भाडी चढली तर असे छोटे तवे टिकायचे कसे, ही काळजी या रस्त्यावर खरी आहे. गाडी यावी आणि तवाही राहावा. तोवर किराण्याला याल तेव्हा अर्धा तास जास्त ठेवा. दोन लोरोको, एक रेवुएल्ता, आणि कुर्तिदो दुसऱ्यांदा मागायला लाजू नका.