कुत्रा कधी भुंकतो? पट्ट्याच्या नोंदी वाचताना

नमस्कार श्रोतेहो.

घरातली माणसं सकाळी नऊला कामावर जातात आणि संध्याकाळी सातला परततात. गेटपाशीच वॉचमन सांगतो, "तुमचा कुत्रा आज दिवसभर ओरडत होता." शेजारच्या काकू म्हणतात, दुपारी फार झालं. दिवसभर म्हणजे नेमकं किती, आणि दुपारी म्हणजे किती वाजता, हे मात्र कुणालाच सांगता येत नाही. भुंकणं आणि हालचाल मोजणारा गळ्यातला पट्टा इथे कामाला येतो. तो काय मोजतो, कुठे फसतो आणि त्याच्या नोंदी कशा वाचायच्या, हे आज सांगणार आहोत.

आधी खरेदीबद्दल एक सावधगिरी. ऑनलाइन शोधलंत तर 'बार्क कॉलर' या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू दिसतात. एक फक्त मोजते. दुसरी कुत्रा भुंकला की त्याच्या गळ्याला विजेचा झटका देते. ही दुसरी वस्तू घरात आणू नका. घाबरून भुंकणाऱ्या कुत्र्याला झटका बसला की त्याची भीती आणखी वाढते. वेल्समध्ये तर कुत्र्या-मांजरांना असे पट्टे घालायला २०१० सालापासून बंदी आहे. ओळख सोपी आहे: पट्ट्याच्या आतल्या बाजूला धातूचे दोन टोकदार खुंटे दिसले, की तो झटक्याचा पट्टा.

आता मोजणारा पट्टा. त्यावर एक छोटी डबी असते. तिच्यात बॅटरी असते आणि तिन्ही दिशांची हालचाल टिपणारा सेन्सर असतो. भुंकणं मोजायचं असेल तर त्यात मायक्रोफोन किंवा गळ्याची थरथर ओळखणारा सेन्सरही लागतो. नुसता मायक्रोफोन असेल तर खालच्या गल्लीतल्या कुत्र्यांचं भुंकणंही तुमच्या कुत्र्याच्या खात्यात जमा होतं. नुसती थरथर मोजणारा सेन्सर असेल तर खोकला, मान खाजवणं आणि अंग झटकणं, हे सगळं भुंकणं म्हणून मोजलं जाऊ शकतं. आवाज आणि गळ्याचा हिसका दोन्ही एकाच क्षणी आले तरच मोजणारं उपकरण जास्त भरवशाचं. घेण्याआधी विक्रेत्याला हा एक प्रश्न नक्की विचारा.

उपकरण चांगलं असूनही आकडे चुकतात, याचं नेहमीचं कारण म्हणजे पट्टा बसवण्याची पद्धत. पट्टा आणि मान यांच्यामध्ये तुमची दोन बोटं सपाट जायला हवीत, तिसरं नको. सैल पट्ट्यात डबी लोंबकळते. कुत्रा एक पाऊल टाकतो आणि डबी मात्र दोनदा-तीनदा हलते, म्हणून चालणं फुगतं. तीच डबी गळ्यापासून सुटलेली असल्यामुळे भुंकण्याची थरथर तिच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून भुंकणं कमी दिसतं. पॉमेरेनियन किंवा गोल्डन रिट्रीव्हरच्या दाट केसांमुळेही हेच होतं. अशा वेळी डबीखालचे केस बोटांनी बाजूला करून पट्टा बसवावा. पिल्लाची मान भराभर वाढते, त्यामुळे त्याचा पट्टा दर आठवड्याला तपासावा लागतो.

आपल्याकडे हौसेने पट्ट्याला घुंगरू बांधतात. हा पट्टा घालायचा असेल तर ते काढून ठेवा. घुंगराचा आणि लायसन्सच्या बिल्ल्याचा आवाज मायक्रोफोनला अगदी जवळून ऐकू येतो आणि नोंदी बिघडतात. फिरायला नेताना साखळीही या पट्ट्याला अडकवू नका. साखळीचा प्रत्येक हिसका हालचाल म्हणून मोजला जातो आणि डबीची पकडही ढिली होते. साखळीसाठी हार्नेस, म्हणजे छातीभोवती बांधायचा पट्टा, वापरा.

दुसरी अडचण माहिती मोबाइलपर्यंत पोचण्याची. स्वस्त पट्टे ब्लूटूथवर चालतात. घरात भिंती मध्ये आल्या की ब्लूटूथ दहा मीटरसुद्धा धड पोचत नाही. तुम्ही मोबाइल घेऊन ऑफिसला गेलात की पट्टा नोंदी स्वतःजवळ साठवतो आणि तुम्ही घरी परतल्यावरच त्या देतो. दुपारी दोन वाजता चालू स्थिती पाहायची असेल तर घरी वायफायला जोडलेलं बेस युनिट, म्हणजे पट्ट्याच्या नोंदी घेऊन इंटरनेटवर पाठवणारं छोटं यंत्र, तरी हवं, नाहीतर सिमकार्ड असलेला पट्टा. बेस युनिट आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. नाहीतर वीज गेलेल्या दोन तासांचा मेसेज येणार नाही आणि कुत्रा शांत होता असा तुमचा समज होईल. जीपीएसचा उपयोग कुत्रा बाहेर पळाला तरच होतो. घराच्या आत तो जवळजवळ निकामी आहे आणि बॅटरी मात्र भरपूर खातो.

पट्टा घातल्यावर पहिली परीक्षा घ्या. घरातला जुना मोबाइल रेकॉर्डिंगवर ठेवून एक तास बाहेर जा. परत आल्यावर रेकॉर्डिंग ऐका, भुंकणं मोजा आणि अ‍ॅपमधल्या वेळा समोर ठेवून जुळवा. हीच परीक्षा रात्री, बाहेरची कुत्री भुंकत असताना आणि तुमचा झोपलेला असताना पुन्हा घ्या. त्या वेळी अ‍ॅपमध्ये आकडा शून्याच्या जवळ हवा. तसा नसेल आणि अ‍ॅपमध्ये संवेदनशीलता बदलायची सोय असेल, तर ती एक पायरी कमी करा आणि परत तपासा. एवढं केल्याशिवाय त्या आकड्यांवर कुठलाही निर्णय घेऊ नका.

आणि आता मुद्द्याचं. बहुतेक लोक अ‍ॅप उघडून दिवसाची बेरीज बघतात: काल दोनशे, आज तीनशे. या बेरजेतून फारसं काही कळत नाही. बघायची ती घड्याळाची पट्टी, म्हणजे कोणत्या मिनिटाला भुंकणं सुरू झालं आणि मध्ये किती खंड पडला. पहिले दोन आठवडे काहीही बदलू नका. फक्त एका वहीत घरातल्या वेळा लिहा: कोण कधी बाहेर पडलं, बेल कधी वाजली, घंटागाडी कधी आली, शेजारची मुलं शाळेतून कधी परतली. मग वही आणि अ‍ॅप शेजारी ठेवा.

दार बंद झाल्यावर पहिल्या अर्ध्या तासातच भुंकणं सुरू होत असेल, एकाच लयीत बराच वेळ चालत असेल, मध्ये विव्हळणं किंवा हेल काढून रडणं असेल आणि हालचालीच्या आलेखात सतत येरझारा दिसत असतील, तर कुत्र्याला एकटेपणा सोसत नाही. दाराच्या चौकटीवर नखांचे ओरखडे किंवा फरशीवर लाळ दिसली तर शंका आणखी पक्की होते. अशा कुत्र्याला रागावून काहीही साधत नाही. त्याला एकटं राहण्याची सवय काही सेकंदांपासून लावावी लागते. दाराबाहेर जा, तो अस्वस्थ व्हायच्या आत परत या, मग अर्धा मिनिट, मग एक मिनिट. पट्टा इथे फार उपयोगी पडतो, कारण कितव्या मिनिटाला त्याचा धीर सुटतो ते तो दाखवतो. पुढचा सराव त्या वेळेच्या अलीकडे थांबवायचा.

भुंकणं दहा-वीस सेकंदांच्या तुकड्यांत येत असेल आणि तुमच्या वहीतल्या लिफ्ट, कुरिअर, घंटागाडीच्या वेळांशी जुळत असेल, तर तो राखण करतोय. खिडकीच्या खालच्या काचेला दुधी फिल्म लावा, त्याचं अंथरूण दारापासून आतल्या खोलीत न्या. दोन-तीन तास शांत झोप आणि मग दुपारी रमतगमत भुंकणं, हा बहुधा कंटाळा. सकाळचं फिरणं वाढवा, थोडं खाणं वाटीऐवजी शोधून काढायच्या खेळण्यात द्या. म्हातारा कुत्रा मध्यरात्रीनंतर उठून भुंकू लागला, तर सवय लावायच्या मागे लागू नका. दुखणं, बहिरेपण किंवा वयामुळे मेंदूचा गोंधळ, यांपैकी काहीही असू शकतं. त्याला पशुवैद्याकडे न्या.

हालचालीच्या आकड्यांबद्दल दोन गोष्टी नीट लक्षात ठेवा. प्रत्येक कंपनीचे गुण तिचे स्वतःचे असतात. त्यामुळे मित्राच्या लॅब्रॅडॉरशी तुलना करू नका, आपल्या कुत्र्याची तुलना त्याच्याच मागच्या दोन आठवड्यांशी करा. मे महिन्यात आकडा उतरणारच. पण पावसाळ्यात तीन-चार दिवस हालचाल सरळ खाली येत असेल आणि जेवणही कमी झालं असेल, तर गोचीड-ताप डोक्यात ठेवा. कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत आणि पट्ट्याखाली गोचीड शोधा. गुदद्वारातून तापमान घ्या. निरोगी कुत्र्याचं १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. १०३ च्या वर गेलं किंवा हिरड्या फिकट दिसल्या, तर उद्यावर ढकलू नका. रात्री झोपमोड वाढलेली दिसली आणि आलेखात खाजवणं असेल, तर पिसवा आणि त्वचेची अ‍ॅलर्जी तपासून घ्या.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. पट्ट्याला स्थिर शरीर म्हणजे विश्रांती वाटते. दिवाळीत फटाके सुरू झाले की घाबरलेला कुत्रा पलंगाखाली भिंतीला चिकटून तासन् तास हलत नाही. अ‍ॅप लिहितं, छान झोप झाली. त्या रात्री वाकून त्याच्याकडे बघा: कान मागे, डोळे टक्क उघडे, तोंड उघडं ठेवून धापा, अंगाला कंप. झोपेत त्याचा श्वास मिनिटाला तिसाच्या खाली असायला हवा. छाती एकदा वर-खाली झाली की एक, असं पूर्ण मिनिट मोजा.

त्वचेची काळजी थोडक्यात. रोज रात्री पट्टा काही तास काढा. पावसात भिजला तर मान पुसून पूर्ण वाळल्याशिवाय परत घालू नका. आयपी ६७ म्हणजे डबी एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकते. पण पट्ट्याखालची ओली त्वचा एका दिवसातही चिघळू शकते. लाली, केस गळणं किंवा आंबट वास आला तर पट्टा बंद.

सोसायटीत तक्रार झाली तर आलेखाचं प्रिंटआउट घेऊन सेक्रेटरींकडे जा, आणि वाद घालण्याआधी कोणत्या वेळा खरोखर त्रासाच्या आहेत ते विचारा. भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ सालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार भुंकण्याच्या कारणावरून सोसायटी कुत्रा पाळायला बंदी घालू शकत नाही. त्याच सूचनांमध्ये मालकाने, विशेषतः रात्री, कुत्र्याला शांत ठेवण्यासाठी मनापासून प्रयत्न करावेत असंही म्हटलं आहे. तुमच्या वेळांच्या नोंदी आणि त्यानंतर केलेले बदल हा त्या प्रयत्नांचा पुरावा आहे.

या नोंदी कंपनीच्या सर्व्हरवर असतात, हे विसरू नका. २०२५ साली अमेरिकेतली व्हिसल ही कंपनी ऑस्ट्रियाच्या ट्रॅक्टिव्हने घेतली आणि व्हिसलचे पट्टे त्याच वर्षी बंद पडले. म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला आधीच्या महिन्याचे आलेख मोबाइलमधून डाउनलोड करा, किंवा निदान स्क्रीनशॉट घेऊन कुत्र्याच्या लसीकरणाच्या फाइलमध्ये ठेवा. डॉक्टर पहिला प्रश्न विचारतील, "हे कधीपासून आहे?" तेव्हा ती फाइल उघडून तारीख दाखवता येईल.

नमस्कार.